रेघा बंद करणारी मायाक्का

मायाक्का जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा पहिल्या ओळीपासून हळहळत बसेल. माणूस मेल्यावरच त्याच्यावर लिहायचं असा काही कायदा नाही. माझी बायको हौसा गेली, तिच्यावर मला चार ओळी लिहिता येत नाहीत. बसतो, आणि पेन हातात तसंच राहतं. मायाक्कावर लिहिता येईल असं वाटलं. ती आहे, सांगलीतच आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही.

मी वडूजकडचा सुतार. शाळा चौथीपर्यंत. जन्मभर दारं, चौकटी, पलंग केले. हौसा गेल्यावर गावातलं घर अंगावर यायला लागलं म्हणून सांगलीला मुलीकडं आलो. तिथंही दिवसभर पंख्याकडं बघत पडायचो. शेवटी जावयानं ओळखीच्या प्रकाशशेटच्या लेझरच्या दुकानात मला चिकटवायच्या कामाला घातलं. आर्किटेक्ट लोक बंगल्याची, शाळेची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर पाठवायचे. त्यावरून आमच्याकडं एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या, पातळ फळीचे तुकडे लेझरनं कापायचे आणि ते जोडून टेबलावर मावेल एवढी इमारत उभी करायची. जोडणारा मी. आणि आलेलं ड्रॉइंग कापण्याजोगं करून देणारी मायाक्का.

जत तालुक्यातल्या धनगराची पोर. पंचेचाळिशीला टेकलेली, अंगानं दणकट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा मेंढरं घेऊन आठ महिने फिरतीवर, ही भावाजवळ खोली करून सांगलीत. तिच्या वाडीतून आयटीआयला जाऊन ड्रॉइंग शिकलेली ती पहिलीच बाई. माऊस धरायच्या हातातल्या बांगड्या टेबलावर वाजतात म्हणून त्या कोपरापर्यंत वर सारायची आणि वरून रुमाल बांधायची. जेवायच्या सुट्टीत रुमाल सोडला की बांगड्या खळ्ळकन खाली यायच्या. दुकानात जेवणाची घंटा तीच.

पहिल्याच दिवशी मी एका बंगल्याच्या भिंतीला सुतारकीच्या सवयीनं भरपूर गोंद लावला. ती मागं येऊन उभी राहिली.

"मामा, घर बांधताय का थालपीट लावताय?"

मी म्हटलं, "चाळीस वर्सं लाकूड जोडतोय. तुझ्या वयाएवढी."

"मग चाळीस वर्सं गोंद लय वाया घातलासा," ती म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

मला राग आला. पण बरंही वाटलं. हौसा गेल्यापासून माझ्याशी सगळे मऊ बोलत होते. ही पहिली माझ्यावर तुटून पडली.

मला वाटायचं, ड्रॉइंग आलं की मशीनला द्यायचं आणि कापायचं. तसं नसतं. ड्रॉइंग काढणारा घर बांधण्यासाठी काढतो. त्यात पलंग असतो, कमोड असतो, झाडं, मापं, बाण, खोल्यांची नावं असतात. मशीनला यातलं काही कळत नाही. रेघ दिसली की जाळायची, एवढीच त्याची अक्कल. पलंग तसाच राहिला तर मॉडेलच्या जमिनीला पलंगाएवढं भोक पडेल. म्हणून मायाक्का आधी घर रिकामं करायची. "चला, सामान भायेर काडा," असं पुटपुटत एकेक वस्तू पुसत जायची, भाडेकरू निघाल्यासारखी. मग रंग. जिथं आरपार कापायचं ती रेघ लाल, जिथं नुसता ओरखडा पाहिजे ती निळी. मग क्रम. खिडक्या आधी, भिंतीची कड शेवटी. कड आधी कापली की तुकडा सुटतो, हलतो आणि खिडकी तिरकी पडते.

सगळ्यात जास्त वेळ ती कोपऱ्यांवर घालवायची. दोन रेघा कोपऱ्यात भेटल्यासारख्या दिसतात. मोठ्या करून बघितल्या की मधे केसाएवढी फट. प्रत्येक कोपऱ्यात शिरून ती फट बुजवायची. मी एकदा म्हटलं, "एवढ्याशा फटीनं काय हुतंय?"

"मामा, आमचा बा मेंढरं वाघरात कोंडायचा. जाळीचं कुंपन असतंय ते. एवढीशी फट ऱ्हायली की निम्मी मेंढरं दुसऱ्याच्या शाळवाच्या पिकात. मग शिव्या बा खायाचा आन मार मी. तवापास्नं फट दिसली की माझ्या पाटीत कळ येती."

एका रेघेवर दुसरी रेघ तंतोतंत पडलेली असली तर ती डोळ्याला दिसतच नाही. मशीन मात्र दोनदा जाळतं, कड काळी पडते, कधी पेटही घेते. अशा खालच्या रेघेला ती पिल्लू म्हणायची. एकेक रेघ उचलून बाजूला सारून बघायची, "हिच्या पोटाखाली पिल्लू हाय का?" हे काम एका झटक्यात करणारी सोय कॉम्प्युटरात होती. शेटनं दहादा सांगितलं. ती म्हणायची, "ती सोय पिल्लाबरोबर आईला पन खाती. मी बगितलंय." आणि परत एकेक रेघ उचलायला लागायची.

कापलेले तुकडे मशीनमधून काढताना मोजायची कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. तिचा बाप मेंढरं तशी मोजायचा. मराठीत मोजलं तर चुकतं, असं तिचं म्हणणं. मीही नाक्कु, ऐदुपर्यंत शिकलो.

मोठ्या माणसाची भीड तिला नव्हती. एकदा पुण्याच्या एका आर्किटेक्टचा बंगला आला. सामान बाहेर काढून झाल्यावर तिनं फोन लावला. मी शेजारीच होतो.

"सायेब, तुमच्या खालच्या संडासाला दार न्हाई."

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"न्हाई, मी पुसलं न्हाई. मूळ ड्रॉइंगातच भित सरळ गेलीया. म्हंजे मानूस आत बसवूनच भित बांदायची का?"

तो माणूस बहुतेक चिडला. ही शांतपणे म्हणाली, "चिडू नगा. मॉडेलवर सापडलं ते बरं झालं. मानूस आत सापडला असता तर फोन त्यानं केला असता." तासाभरानं दुरुस्त ड्रॉइंग आलं. त्याबरोबर आभारबिभार काही आले नाहीत, आणि तिनंही वाट बघितली नाही.

माझं तिचं एकाच गोष्टीवरून सारखं वाजायचं. भिंतीत भिंत बसवायची तर मधल्या भिंतीच्या लांबीतून दोन्ही बाजूंच्या फळीची जाडी वजा करावी लागते. हे ती कॉम्प्युटरवरच करून ठेवायची. मला सुतारकीची खोड. तुकडा हातात आला की मी पॉलिशपेपरनं कड थोडी मारायचो. ती ओरडायची, "मामा, जाडी मी धरलीया! तुमी परत धरू नगा!" मी हो म्हणायचो आणि तिची पाठ वळली की दोन हात मारायचोच. सवय हातात असते, डोक्यात नसते.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस मशीनमधून धूर आला. कौलांचा तुकडा कापत होतं आणि कडेला वीतभर जाळ उठला. मी ओलं फडकं टाकलं. शेट वसुलीला बाहेर गेला होता. तुकडा काढला तर कड कोळशागत. दोनदा, तीनदा जाळलेली. म्हणजे पिल्लू राहिलं होतं, एक नव्हे, दोन. मायाक्काकडून. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, स्क्रीनकडंही नव्हती.

"मामा, च्या प्यायला चला," ती म्हणाली. ती कधी कामाच्या वेळात चहाला उठली नव्हती.

गाड्यावर उभं राहून तिनं सांगितलं. साखरेचा आजार होता, तिनं मनावर घेतला नव्हता. आता डोळ्यासमोर कोळिष्टकं हलतात, मधला भाग धुरकट होतो. मिरजेच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, आतल्या शिरा फुटतायत, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, उशीर करू नका.

"मग घे की," मी म्हटलं.

"डोळ्यात सुई, मामा. मेंडराला पन कोन डोळ्यात सुई मारत न्हाई."

"तू मेंडरू हायेस का?"

ती हसली नाही. "एक इंजेक्शन न्हवं ती. दर म्हैन्याला जायाचं, परत आराम. एवड्या सुट्ट्या घेतल्या की खुर्चीवर दुसरा बसतोय. मला खुर्ची सोडून वाडीला जायाचं न्हाई, मामा. म्या लय मेंडरं राकली. शिराळ्याच्या शाळंचं मोठं काम आलंया, तेवडं हुंदे. मग जाती."

तेवढं हुंदे. हौसाही असंच म्हणायची. पोटात दुखायचं तिच्या. पोरीचं बाळंतपण हुंदे, मग दाखवू. शाळू निघू दे, मग दाखवू. कुणाला सांगू नका म्हणाली, मी सांगितलं नाही. मी तोंडाचा फाटका माणूस, गावात सरपंचाला तोंडावर चोर म्हणालेला. त्या एका वेळी गप्प बसलो.

हे मी मायाक्काला सांगितलं नाही. तिनं म्हटलं, "हौसाबाईची शपत घ्या, शेटला सांगनार न्हाई." आणि मी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचे डोळे झालो. शेट पुढच्या खोलीत गिऱ्हाईकाशी बोलत असायचा, आम्ही मागं. ती विचारायची, "मामा, ही लाल हाय का निळी?" मी सांगायचो. "कोपरा भेटला का?" मी भिंग घेऊन बघायचो. आपण ड्रॉइंगात कुठं आहोत हे तिला डोक्यातच दिसत होतं, नुसती खूण पटवून पाहिजे असायची. बोटांनी कडा चाचपून ती तुकड्याचं खरंखोटं सांगायची. आम्हाला वाटायला लागलं, जमतंय. तिला तर जास्तच. मिरजेच्या डॉक्टरनं दिलेली तारीख आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. मी दोन्ही वेळा म्हटलं, "आज जायाचं हुतं न्हवं?" तिनं दोन्ही वेळा "शाळा हुंदे" म्हटलं, आणि मी भिंग उचललं.

शाळेचं मॉडेल पन्नासाला एक होतं, म्हणजे खरे पन्नास फूट तर टेबलावर एक फूट. सोमवारी शाळेच्या कमिटीपुढं ठेवायचं होतं. खालच्या मजल्याचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर आलेलं. वरच्याचं मात्र कागदावरच आलं, ते माप बघून पुन्हा काढायचं होतं. कागदावरचे आकडे मायाक्काला दिसत नव्हते. मी आकडा बघायचो, कॅल्क्युलेटरवर पन्नासानं भागायचो आणि तिला सांगायचो. ती काढायची. दोन दिवस हे चाललं. वरच्या मजल्याच्या मधल्या भिंती सगळ्या अशा माझ्या तोंडून गेल्या.

शनिवारी दुपारी आर्किटेक्ट मॉडेल बघायला यायचा होता. खालचा मजला उभा होता. मी वरची पहिली मधली भिंत बसवायला घेतली आणि ती बसेना. बसेना म्हणजे अडकली नाही, सैल पडली. दुसरी घेतली, तीही तशीच. तिसरी. प्रत्येक भिंतीच्या टोकाला फट. करंगळीचं नख आत जाईल एवढी.

मायाक्का उठून आली. तिनं विचारलं नाही. बोट फिरवलं. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, तिसऱ्यात. बोट प्रत्येक फटीत थांबत होतं. मला ते बघवेना.

"मामा," ती हळू म्हणाली, "तुमी माप वाचलं का कापलं?"

मला कळलंच नाही आधी. मग कळलं. भागाकार झाल्यावर एकशे वीस मिलिमीटर आलं की माझ्या तोंडून एकशे चौदा जायचं. दोन्ही बाजूंची जाडी तीन-तीन, सहा वजा. कुणी सांगितलं नव्हतं. सुतार दुसऱ्याला माप सांगतो ते जाडी धरूनच सांगतो, मी असं हजारो वेळा मिस्त्रीला, पोराला, करवतवाल्याला सांगितलं असेल. आणि तिनं तिच्या हिशेबानं परत सहा वजा केले. आकडा तिला दिसत असता तर तिनं पहिल्याच भिंतीला माझ्या डोक्यात पट्टी घातली असती.

तेवढ्यात शेट आर्किटेक्टला घेऊन मागं आला. आर्किटेक्टनं वाकून बघितलं. "हे काय? वरचा मजला सगळा उघडा?"

शेट मायाक्काकडं बघायला लागला. त्याचा तिच्यावर आंधळा विश्वास होता. "मायाक्का, हे तुमच्याकडून? तपासलं नव्हतं का?"

"चूक माजी हाय, शेट," ती म्हणाली. "उद्या रविवार हाय. मी उद्या बसून सगळं परत कापून देती."

शेटनं मान हलवली. त्याचं समाधान झालं होतं. आर्किटेक्टही "सोमवारी सकाळी मिळालं म्हणजे झालं" म्हणाला. एवढ्यावर मिटत होतं. मी गप्प राहिलो असतो तर मिटलंच असतं. रविवारी मी परत आकडे वाचले असते, नीट वाचले असते, शाळा उभी राहिली असती. आणि मग दुसरं कुठलं तरी मोठं काम आलं असतं.

मी म्हटलं, "चूक माजी हाय. आन ती तपासनार कशी? तिला दिसत न्हाई. पावसाळ्यापास्नं आकडं मी वाचतोय, रंग मी सांगतोय. डोळं जायाला लागल्यात तिचं. मिरजेला जा म्हनावं तिला, शेट, आजच्या आज."

आर्किटेक्ट उगाच मोबाईल बघायला लागला.

मायाक्कानं हातावरचा रुमाल सोडला. बांगड्या खाली आल्या. "मामा, तुमी हौसाबाईची शपत घेतली हुती."

"व्हय."

"मेलेल्या बायकूची शपत मोडलीसा. चार मानसात."

सांगायसारखं बरंच होतं. पोटदुखीचं, शाळवाचं, मी गप्प बसलो त्या वर्षाचं. यातलं एकही तोंडातून आलं नाही. ती पिशवी उचलून निघाली. दाराला खांदा लागला तिचा.

रविवारी शेटनं कोल्हापूरचा एक माणूस बोलावून वरचा मजला परत कापून घेतला. त्यानं पिल्लं काढायची ती सोय वापरली, चहा पिऊन होईपर्यंत झालं त्याचं. मी भिंती चिकटवल्या. बरोबर बसल्या. तो माणूस आता तिथंच कामाला आहे, त्या खुर्चीवर. तुकडे तो मोजत नाही. मशीन सांगतं म्हणाला.

शेट वाईट माणूस नाही. त्यानं स्वतः भावाला फोन करून मायाक्काला मिरजेला पाठवलं. डॉक्टर काय म्हणाला ते शेटकडून कळलं. डावा डोळा गेला. उजव्यासाठी प्रयत्न करू. पहिल्या तारखेला आली असती तर दोन्ही राहिले असते.

पहिल्या तारखेला मी दुकानात भिंग घेऊन बसलो होतो.

मी बोललो याचा तिला राग आहे. उशिरा बोललो हे मला माहीत आहे. मी दोनदा फोन केला. आवाज ऐकून तिनं दोन्ही वेळा ठेवला. भावाच्या खोलीवर गेलो, तर आतून म्हणाली, "म्हाताऱ्याला सांग, ही झोपलीया." इतक्या मोठ्यानं की झोपलेलं माणूस जागं व्हावं.

मागच्या महिन्यात तिच्या इंजेक्शनची तारीख शेटकडून कळली, तेव्हा मी मिरजेला गेलो. का गेलो ते विचारू नका. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर शेवटाला बसलो. ती भावाच्या आधारानं आली. चष्म्याची डावी काच काळी, कुंकू तेवढंच मोठं. उजवा डोळा उघडा, पण नजर माणसांच्या डोक्यावरून जात होती. माझ्यावरूनही गेली. भाऊ कागद घेऊन खिडकीकडं गेला. नर्सनं नाव पुकारलं आणि आत जाताना चपला काढायला सांगितल्या. मायाक्कानं चपला काढल्या, पायानंच भिंतीकडं सारल्या आणि कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "चपलांकडं बगा जरा कुनीतरी. नव्या हायत्या."

मी बघत बसलो. तास गेला असेल. व्हरांड्यात येणारंजाणारं प्रत्येक माणूस त्या चपलांवरून पाय टाकत होतं, म्हणून मी उठून त्यांच्यापुढं उभा राहिलो.

ती बाहेर आली तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी होती. काहीच दिसत नव्हतं तिला. भाऊ औषधं आणायला गेलेला. ती भिंत धरून पायानं जमीन चाचपायला लागली. मी खाली बसलो, चपला सरळ केल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला केली आणि तिच्या पायाला लागतील अशा पुढं सारल्या. तिनं एक पाय घातला, दुसरा घातला.

"कोन हाय?" तिनं विचारलं.

मी तोंड दाबून धरलं. बोललो असतो तर चपला तिथंच टाकून अनवाणी गेली असती. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे.

तिनं थोडी वाट बघितली. मग भाऊ आला, त्यानं दंड धरला आणि ती उन्हात उतरली. नव्या चपला तिला जरा मोठ्या होत होत्या. फाटकापर्यंत त्यांचा आवाज येत होता.